फोटोचा कागद करताना अनुस्वार टिकला पाहिजे : इमेजमॅजिकचा दोन हंगामांचा अनुभव

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोक त्याला अजूनही ‘सेतू’च म्हणतात. जून-जुलैत, म्हणजे एकीकडे पेरणीची घाई आणि दुसरीकडे मुलांचे प्रवेश अशा दिवसांत, माझ्या टेबलासमोर जी रांग लागते, तिच्यातल्या पुष्कळ माणसांकडे कागद नसतो, कागदाचा फोटो असतो. मूळ दाखला पेटीत असतो, पेटी घरी असते, घर सात-आठ किलोमीटरवर असते आणि मुलाने सकाळी ओसरीवर बसून काढलेला फोटो तेवढा व्हॉट्सअॅपवर आलेला असतो. त्या फोटोवर बोटाची सावली असते, कागदाला चार घड्या पडलेल्या असतात आणि कोपऱ्यात सतरंजीची नक्षीही आलेली असते. या फोटोचे रूपांतर स्वच्छ, काळ्या-पांढऱ्या आणि आकाराने हलक्या दस्तऐवजात करणे हे माझ्या कामातले रोजचे, परंतु कोणी शिकवलेले नसलेले काम आहे. त्यासाठी गेले दोन प्रवेश-हंगाम मी इमेजमॅजिक ही विनामूल्य प्रणाली वापरत आहे. माझ्यासारखे काम करणाऱ्या केंद्रचालकांना, ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांना आणि शाळेतल्या लिपिकांना तिचा खरोखर किती उपयोग होईल, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. बारा मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो काढतो. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले, तर ही ३ कोटी ६० लाख बाइटची माहिती होते, आणि जेपीईजीने दाबून फोन ती तीन ते पाच एमबीवर आणतो. अर्ज भरायच्या संकेतस्थळांवर मात्र एका कागदाला पाचशे केबी, कुठे दोनशे, तर कुठे त्याहूनही कमी जागा असते. एका अर्जाला सहा-सात कागद जोडावे लागतात. आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, आणि चार एमबीची फाइल नव्वद टक्के चढून पुन्हा शून्यावर येते. चाळीस केबीची फाइल वीज जाण्याच्या आत चढलेली असते. त्यामुळे फाइल हलकी करणे ही आमच्याकडे हौस नाही, त्यावर अर्जाची शेवटची तारीख अवलंबून असते.

पूर्वी हे काम बहुतेक केंद्रांवर कॅमस्कॅनरने होत असे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ अॅपवर बंदी घातली, त्यांत तेही होते. त्यानंतर मी वेगवेगळी मोफत स्कॅनर अॅप वापरून पाहिली. घरच्या एखाद्या कागदासाठी त्यांतली काही चांगली आहेत. मात्र दिवसाला चाळीस माणसांचे आधार, पासबुक आणि जातीचे दाखले माझ्या स्वतःच्या फोनवरून एखाद्या अॅपच्या हवाली करणे मला पटत नव्हते. कागद त्या माणसाचा आहे, माझा नाही. तो कोणाच्या सर्व्हरवर जातो हे मला सांगता येत नसेल, तर तो तिथे जाऊ देण्याचा अधिकारही मला नाही. इमेजमॅजिक संगणकावर बसवली की इंटरनेट नसतानाही चालते आणि फोटो केंद्राबाहेर जात नाही. माझ्या दृष्टीने हा तिचा पहिला आणि मोठा गुण आहे.

ही प्रणाली नवी नाही. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँ कंपनीत काम करत असताना १९८७ मध्ये ती लिहायला घेतली आणि १९९० मध्ये ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर ती चालते. माझ्याकडचा लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅमचा आहे, आणि त्याच्यावर एका फोटोला काही सेकंद लागतात. या कामासाठी तिला विंडोजवर खिडकी नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावी लागते. याबद्दल पुढे लिहितो, कारण अनेकजण याच पायरीवर परत फिरतात.

रंगीत फोटो काळा-पांढरा करणे म्हणजे प्रत्येक पिक्सेलबाबत एक निर्णय घेणे : हा काळा की पांढरा. त्यासाठी प्रकाशमानाची एक रेषा ठरवावी लागते, तिला थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा म्हणतात. उंबरठ्याच्या अलीकडचे सगळे शाई आणि पलीकडचे सगळे कागद. हा उंबरठा आपोआप शोधण्याची पद्धत जपानचे नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली. फोटोतले गडद आणि फिके असे दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे होतील अशी रेषा ती निवडते. इमेजमॅजिकमध्ये ती सोय आहे, आणि खिडकीशेजारी, सारख्या उजेडात काढलेल्या फोटोला ती पुरते. पण ओत्सूंची पद्धत पूर्ण पानाला एकच उंबरठा लावते. फोन धरणाऱ्याच्या डोक्याची सावली पानाच्या खालच्या अर्ध्यावर पडली असेल, तर सावलीतला कोरा कागद उजेडातल्या फिक्या शाईपेक्षाही काळा असतो. मग खालचा अर्धा भाग डांबर ओतल्यासारखा काळा होतो आणि वरचा शिक्का उडून जातो. पहिल्या आठवड्यात मला असेच निकाल मिळाले, आणि ही प्रणाली आपल्या कामाची नाही असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते.

उपाय त्याच प्रणालीत होता. तिच्यात स्थानिक उंबरठ्याची सोय आहे. प्रत्येक पिक्सेलची तुलना साऱ्या पानाशी न करता त्याच्या आजूबाजूच्या चौकोनाच्या सरासरीशी केली जाते, आणि त्या सरासरीपेक्षा ठरावीक टक्के गडद असेल तरच तो काळा धरला जातो. सावलीतल्या अक्षराची तुलना मग सावलीतल्या कागदाशीच होते. याहून मला अधिक रुचलेली दुसरी पद्धत अशी, की फोटोची एक खूप धूसर केलेली प्रत करायची, इतकी धूसर की अक्षरे विरघळून फक्त उजेड-सावलीचा पट उरावा, आणि मूळ फोटोला त्या प्रतीने भागायचे. भागाकारात सावली जाते, कागद सर्वत्र सारखा पांढरा होतो आणि शाई तेवढी उरते. त्यानंतर साधा उंबरठाही चालतो. पहिल्यांदा हा निकाल पडद्यावर आला तेव्हा समोर एक काका आपल्या नातीच्या दाखल्यासाठी बसले होते. ते म्हणाले, “भाऊ, हा कागद तं धुतल्यावानी दिसून राह्यला.” खरोखरच तसा दिसत होता. सावलीच काय, चहाचा डागही फिका होऊन गेला होता.

आता आकाराचे गणित. ए-फोर कागद इंचाला ३०० पिक्सेल या दराने घेतला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. रंगीत असेल तर त्याला २ कोटी ६१ लाख बाइट लागतात. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक पिक्सेलला एकच बिट पुरतो, म्हणून तो न दाबताही ११ लाख बाइटच्या आत येतो. त्यावर ग्रुप फोर नावाची दाबण्याची पद्धत लावता येते. ही १९८० च्या दशकात फॅक्ससाठी ठरवलेली पद्धत आहे. पानाची प्रत्येक आडवी ओळ तिच्या वरच्या ओळीपेक्षा कुठे बदलली, तेवढेच ती नोंदवते. आपल्या देवनागरीला ती मानवते, कारण शिरोरेषा आडवी आणि लांब असते, अक्षराचा काना सरळ खाली उतरतो, आणि या दोहोंत वरच्या ओळीपेक्षा वेगळे सांगण्यासारखे फार थोडे असते. महत्त्वाचे म्हणजे या पद्धतीत एकही पिक्सेल बदलत नाही. उलगडल्यावर जसेच्या तसे पान परत मिळते. माझ्याकडे छापील दाखला साधारण चाळीस ते सत्तर केबीमध्ये बसतो, हाताने लिहिलेला त्याहून थोडा मोठा होतो.

इथे नव्या माणसाकडून दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे ‘मोनोक्रोम’ नावाचा सोपा पर्याय वापरणे. नावावरून तो आपल्याच कामाचा वाटतो, पण तो करड्या रंगाचा आभास देण्यासाठी काळे ठिपके विखरून टाकतो, जसे जुन्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांत दिसत. कागद मिरी भुरभुरल्यासारखा दिसतो, आणि ओळीशी ओळ जुळत नसल्यामुळे ग्रुप फोरची फाइल लहान होण्याऐवजी फुगते. दुसरी चूक म्हणजे तयार झालेले काळे-पांढरे पान पुन्हा जेपीईजी म्हणून साठवणे. जेपीईजी ही छायाचित्रांसाठीची पद्धत आहे. ती ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करते, एका बिटचे चित्र तिला ठेवताच येत नाही, आणि अक्षराच्या धारदार कडेभोवती ती करडी कुसळे निर्माण करते. फाइल मोठी आणि घाणही अधिक. म्हणून पान ग्रुप फोरमध्ये दाबून थेट पीडीएफमध्ये घालावे. पीडीएफला ही पद्धत आतून समजते आणि बहुतेक संकेतस्थळे पीडीएफ स्वीकारतात. टिफ प्रकारची फाइल चांगली असली तरी अर्जाच्या संकेतस्थळांवर ती सहसा चालत नाही.

येथपर्यंत सगळे कौतुकाचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी मी हे सविस्तर लिहायला बसलो, ती सांगतो.

गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याच्या जात पडताळणीच्या अर्जाला त्याच्या पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडायचा होता. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला. कागद जुना, त्यावर बुरशीचे बारीक डाग. मी नेहमीप्रमाणे भागाकार केला, उंबरठा लावला, आणि शेवटी ठरावीक आकाराहून लहान असलेले सुटे ठिपके पुसून टाकण्याची जी सोय आहे ती वापरली. पान लख्ख झाले, फाइल ३१ केबीवर आली. मला समाधान वाटले. पंधरा दिवसांनी अर्ज त्रुटीत पडला. शेरा होता, नावात तफावत. विद्यार्थ्याचे वडील कागदाची प्रत घेऊन माझ्याकडे आले आणि नावावर बोट ठेवून म्हणाले, “माह्या आज्याचं नाव पांडुरंग होतं भाऊ, हे पाडुरग कोनं केलं?”

ते मीच केले होते. दोन्ही अनुस्वार बुरशीच्या डागांबरोबर पुसले गेले होते. त्या माणसाने चढा शब्द काढला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. आम्ही मूळ फोटोवरून पान पुन्हा तयार केले, खुलासा लिहिला, अर्ज पुन्हा सादर केला आणि पुढे तो मार्गी लागला. पण त्या रात्री मी त्या फोटोचे गणित कागदावर मांडले. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए-फोरची लांबी पावणेबारा इंचांच्या आत-बाहेर आहे, म्हणजे इंचाला सुमारे १३७ पिक्सेल मिळतात. अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटर रुंद धरला, तर या फोटोत तो तीन पिक्सेलही रुंद भरत नाही. त्याचे क्षेत्रफळ पाच-सहा पिक्सेल होते, आणि मी आठ पिक्सेलपेक्षा लहान असलेले सगळे पुसायला सांगितले होते. हाच ठिपका इंचाला ३०० पिक्सेल असलेल्या फोटोत सहा पिक्सेल रुंद असतो, त्याचे क्षेत्रफळ पंचवीसच्या पुढे जाते आणि आठच्या चाळणीतून तो सुखरूप राहतो.

इंग्रजीत मजकूर असलेल्या पानावर ठिपके पुसले तर फार तर पूर्णविराम किंवा आयवरचा ठिपका जातो, आणि वाचणारा तो मनाने भरून काढतो. मराठीत ठिपका गेला की नाव बदलते. कुंभार आणि कुभार, शिंदे आणि शिदे, हे कागदोपत्री एकच माणूस राहत नाहीत. आकड्यांतही तेच. तीन एकर शेत सातबाऱ्यावर १.२१ हेक्टर असे लिहिलेले असते, आणि त्यातला बिंदू गेला तर काय उरते हे सांगायला नको. शिवाय शिरोरेषेचा प्रश्न आहे. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर अवलंबून असतो. उंबरठा थोडा जास्त काळ्या बाजूला ठेवला की ही फट बुजते आणि भगतांचे मगत होतात. पांढऱ्या बाजूला ठेवला की शिरोरेषा तुटून अक्षरे सुटी होतात. म्हणून मी आता ठिपके पुसण्याची सोय जवळजवळ वापरतच नाही. डाग राहिले तरी चालतील. फाइल चाळीसऐवजी ऐंशी केबीची झाली तरी चालेल. एका संकेतस्थळावर तर फाइल फार लहान झाली तरी ती परत येते, तेव्हा एवढा हावरटपणा करण्याचे कारणही नसते.

फोटो लहान असेल तर उंबरठा लावण्यापूर्वी तो दुप्पट मोठा करून घ्यावा, ही आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. करड्या फोटोत अक्षराच्या कडेला अर्धवट गडद पिक्सेल असतात आणि कड नेमकी कुठून जाते याची माहिती त्यांच्यात दडलेली असते. आधी मोठे करून मग काळे-पांढरे केले, तर ही माहिती वळणदार कडेच्या रूपाने उतरते. आधी काळे-पांढरे करून मग मोठे केले, तर फक्त पायऱ्या मोठ्या होतात. व्हॉट्सअॅपच्या फोटोतली ध-घची फट या एका क्रमामुळे पुष्कळदा वाचते. तरीही मी लोकांना सांगतो, की फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा पाठवला की तो मूळ आकारातच येतो.

दाबण्याच्या पद्धतीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगणे योग्य होईल. ग्रुप फोरपेक्षाही लहान फाइल करणारी जेबिग-टू नावाची पद्धत आहे. तिचा एक प्रकार पानावरची एकसारखी दिसणारी अक्षरे शोधतो, त्यांतले एक जपून ठेवतो आणि बाकीच्यांच्या जागी तेच छापतो. २०१३ मध्ये जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर यंत्रांत यामुळे आकडे बदलत असल्याचे दाखवून दिले. एका बांधकाम-नकाशाच्या प्रतीत २१.११ चौरस मीटरची खोली १४.१३ ची झाली होती. पान धूसर नव्हते, खाडाखोड नव्हती, आकडा स्वच्छ आणि चुकीचा होता. ज्या कागदांवर लोकांचे गट नंबर आणि क्षेत्र लिहिलेले आहे, त्यांना मी ही पद्धत लावणार नाही. इमेजमॅजिकने ग्रुप फोरची पीडीएफ केली की हा धोका उद्भवत नाही, आणि तिच्यावर माझा विश्वास बसण्याचे हे मोठे कारण आहे. अक्षर तुटेल, बुजेल, पण एका अक्षराच्या जागी दुसरे आणून बसवले जाणार नाही.

रंगांबाबत ही प्रणाली जे स्वातंत्र्य देते ते मला कोणत्याही फोन-अॅपमध्ये मिळालेले नाही. फोटो करडा करताना लाल, हिरवा आणि निळा यांपैकी कोणता पडदा, म्हणजे फोटोतली कोणत्या एका रंगाची माहिती, वापरायची हे आपल्याला ठरवता येते. पिवळ्या पडलेल्या कागदाचा निळा पडदा वापरला तर कागदच काळवंडतो. लाल पडद्यात तोच कागद पांढराशुभ्र येतो, निळी शाई काळीभोर होते, पण लाल शिक्का आणि लाल शेरा नाहीसा होतो. आमच्याकडचे शाळांचे आणि ग्रामपंचायतींचे शिक्के बहुधा जांभळे असतात. त्यांच्यासाठी हिरवा पडदा सर्वांत चांगला, कारण त्यात निळे पेन, लाल शेरा आणि जांभळा शिक्का असे तिन्ही गडद राहतात. फोनच्या कॅमेऱ्यातल्या संवेदकावर हिरवे बिंदू लाल किंवा निळ्यापेक्षा दुप्पट असतात, त्यामुळे हा पडदा अधिक स्वच्छही येतो. अडचण येते ती राजपत्रित अधिकाऱ्याच्या हिरव्या सहीशी. हिरव्या पडद्यात ती फिकी पडते, आणि साक्षांकित प्रतीवर सहीच दिसत नसेल तर प्रतीला काही अर्थ राहत नाही. अशा वेळी मी हिरवा आणि लाल असे दोन्ही पडदे घेतो आणि प्रत्येक पिक्सेलला दोहोंतला जो गडद असेल तो ठेवतो. ही सोयही प्रणालीत आहे. लाल शिक्का हिरव्या पडद्यातून येतो, हिरवी सही लाल पडद्यातून येते, आणि दोन्ही एका पानावर नांदतात.

आता उणिवा. आज्ञा लिहिण्याचा प्रश्न खरा आहे. पर्यायांचा क्रम बदलला की निकाल बदलतो, आणि चूक झाल्याचे प्रत्येक वेळी सांगितले जातेच असे नाही. मी माझी ठरलेली आज्ञा एका बॅच फाइलमध्ये लिहून ठेवली आहे. फोटो ओढून त्या चिन्हावर सोडला की शेजारी पीडीएफ तयार होते. केंद्रावर मदतीला येणाऱ्या मुलीला यापलीकडे काही शिकवावे लागले नाही. जुन्या आवृत्त्यांतली ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या त्याच नावाच्या आज्ञेशी गल्लत करते, म्हणून सातवी आवृत्ती घ्यावी आणि ‘मॅजिक’ याच नावाने आज्ञा द्यावी. अनेक फोटो एकदम बदलण्यासाठी ‘मॉग्रिफाय’ आहे. ते सोयीचे आहे, परंतु फाइलचा प्रकार किंवा जागा बदलून न मागितल्यास ते मूळ फोटोवरच नवे चित्र लिहिते. काळ्या-पांढऱ्यात एकदा टाकलेली माहिती परत येत नाही. म्हणून रंगीत मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय हे वापरू नये. काही कार्यालये नंतर रंगीत प्रत मागतात, तेव्हाही तो लागतोच.

तिरका काढलेला फोटो सरळ करण्यात मात्र ही प्रणाली फोनच्या अॅपपेक्षा मागे आहे. पान थोडे वाकडे असेल तर ती ते आपोआप सरळ करते. पण बाजूने काढल्यामुळे एक कड आखूड आणि एक लांब झाली असेल, तर चारही कोपऱ्यांचे आकडे आपल्याला द्यावे लागतात. रांग लागलेली असताना ते शक्य होत नाही. ग्रामपंचायतीचे कर आकारणीचे जुने, बांधलेले रजिस्टर असेल, जिथे पान शिवणीजवळ वाकते, तिथे मी स्कॅन टेलर वापरतो. तीही विनामूल्य आहे, तिला खिडकी आणि बटणे आहेत, आणि ती पानाचा वाकही काढते. फक्त तिच्यात ठिपके पुसणे आपोआप चालू असेल तर ते आधी बंद करावे किंवा सर्वांत सौम्य पातळीवर ठेवावे, याचे कारण वर आलेच आहे.

फोटोच चांगला असेल तर यातले बरेच कष्ट वाचतात. केंद्राच्या बाहेर कडुनिंब आहे. दुपारी त्याच्या सावलीत पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे कागदावर पडतात, म्हणून तिथे फोटो काढू नये. ओसरीवर, उन्हापासून आत, उजेडाकडे तोंड करून काढावा. लॅमिनेशन केलेल्या कागदाला फ्लॅश वापरू नये. पातळ कागदाच्या मागचा मजकूर पुढे उमटत असेल तर कागदाखाली काळा कागद किंवा काळे कापड ठेवावे. मग उजेड परतवायला कागदामागे पांढरे काही उरत नाही आणि मागचे अक्षर फिके पडते. ही शेवटची युक्ती एवढी साधी आहे की ती मला पहिल्याच वर्षी का सुचली नाही, असे वाटते.

केंद्रावर दिवसाला दहापेक्षा जास्त कागद येत असतील, आणि पहिले दोन-तीन रविवार शिकण्यात घालवण्याची तयारी असेल, तर इमेजमॅजिक घ्यावी असे मी निःसंकोच सांगतो. तिला पैसे लागत नाहीत, ती जाहिरात दाखवत नाही, कागदावर स्वतःचे नाव छापत नाही, आणि कोणता ठिपका ठेवायचा व कोणता टाकायचा हा निर्णय ती आपल्या हाती ठेवते. महिन्यातून एखादा कागद करायचा असेल तर फोनमधले अॅप पुरे आहे. पासपोर्ट फोटो आणि ओळखपत्रावरचा चेहरा मात्र कोणत्याही मार्गाने काळा-पांढरा करू नये, त्यात माणूस ओळखू येत नाही.

एका प्रकारच्या कागदापुढे मात्र मी या पद्धतीचा आग्रह सोडला आहे. जात पडताळणीला इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आमच्या विदर्भात तो अनेकदा कोतवाल बुकाच्या नकलेत सापडतो. गावात कोणाकडे मूल जन्मले, कोण वारले, याची कोतवालाने दिलेली ती नोंद. शाई उडालेली असते, काही अक्षरे शाईची आहेत की कागदाच्या सुरकुतीची हे डोळ्यालाही ठरवता येत नाही, आणि जिथे डोळ्याला ठरवता येत नाही तिथे उंबरठ्याने ठरवू नये. अशा नकला मी फक्त सावली काढून, करड्या रंगाच्या सोळा छटांत, पीएनजी करून ठेवतो आणि त्याचीच पीडीएफ करतो. फाइल तीन-चारशे केबीपर्यंत जाते. मर्यादेत बसते. बसली नाही तर कागदाची रिकामी किनार कापतो, आणि तरीही बसली नाही तर पान दोन भागांत देतो.